संगणकाची साथ, लेकींचा आवाज

आंबेडकरी समाजात गाणे हे नुसत्या करमणुकीचे साधन कधीच नव्हते. ज्या काळी आपल्या वस्त्यांमध्ये पाटी-पेन्सिल पोहोचली नव्हती, त्या काळी बाबासाहेबांचा विचार गाण्यातून पोहोचला. १९३०च्या दशकात भीमराव कर्डक यांच्या जलशाने गावोगावी जाऊन जे काम केले, तेच पुढे शाहिरांनी, गायकांनी आणि कव्वाल पार्ट्यांनी केले. लोककवी वामनदादा कर्डक यांना अक्षरओळख झाली तीच मोठेपणी, मुंबईत कष्ट करता करता. पण त्यांच्या गाण्यांनी हजारो निरक्षर माणसांना शिकवले. तेव्हा भीमगीताची पहिली कसोटी कोणती, असे आम्हाला कोणी विचारले तर आम्ही म्हणू, शब्द ऐकू आला पाहिजे. सूर, ताल, वाद्ये ही सारी त्या शब्दाची सेवा करण्यासाठी आहेत.

या कसोटीवर आजची परिस्थिती पाहिली की मन खट्टू होते. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत डीजेच्या भिंती छाती हादरवतात, पण गाणे कोणते चालले आहे ते शेजारी उभ्या असलेल्या माणसाला सांगता येत नाही. विहारातल्या कार्यक्रमात मुले-मुली मोबाईलवरची तयार साथ लावून गातात. ती हौस चांगली आहे, तिला आम्ही नावे ठेवणार नाही. परंतु त्या तयार साथीत तीन उणिवा असतात. एक, तिची पट्टी ठरलेली असते, गाणाऱ्या मुलीचा गळा कसाही असो. दोन, वाद्यांचा गजर इतका असतो की कोवळा आवाज त्यात बुडून जातो. आणि तिसरी उणीव सर्वांत मोठी. वेळ वाचवण्यासाठी त्यात पुष्कळदा शेवटचा अंतरा गाळलेला असतो.

शेवटचा अंतरा गाळला तर काय बिघडले, असे नव्या पिढीला वाटेल. आपल्या कवींची रीत आठवा. वामनदादांसारखे कवी शेवटच्या अंतऱ्यात आपले नाव गुंफतात. ज्यांची गाणी छापली जाण्याआधी तोंडोतोंडी फिरली, त्यांची तेवढीच सही. तो अंतरा कापला की गाणे राहते आणि कवी पुसला जातो. ज्या समाजाचे नावच शतकानुशतके पुसले गेले, त्या समाजाने आपल्याच कवीचे नाव चार मिनिटांच्या सोयीसाठी पुसावे काय?

याच विचारातून गेली काही वर्षे आम्ही आमच्या घरी, मुलीच्या गाण्यासाठी, संगणकावर साथसंगत तयार करतो आहोत. त्यासाठी ‘मिडी’ नावाच्या फाइलचा उपयोग होतो. रमाई जयंतीला आणि बुद्धपौर्णिमेला मुलगी विहारात गायली की महिला मंडळातल्या भगिनी विचारतात, ही साथ कुठे मिळते? मिळत नाही, करावी लागते. ती कशी करतात ते सर्वांना कळावे म्हणून हा लेखप्रपंच.

मिडी म्हणजे काय, हे समजून घ्यायला आपल्याकडची एक जुनी वस्तू उपयोगी पडते. दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला पुस्तकांच्या दुकानांत गाण्यांच्या छोट्या पुस्तिका मिळत आल्या आहेत. त्यात गाण्याच्या वर कंसात ‘चाल’ असे लिहून एखाद्या ओळखीच्या गाण्याचे नाव दिलेले असते. त्या कागदातून आवाज येत नाही. पण चाल माहीत असलेला माणूस ती ओळ वाचून लगेच गायला लागतो. मिडीची फाइल ही अशीच सविस्तर लिहिलेली चाल आहे. तिच्यात आवाज साठवलेला नसतो. कोणता सूर, किती जोरात, केव्हा दाबायचा आणि केव्हा सोडायचा, एवढीच नोंद असते. ती वाचून संगणक आपल्याजवळच्या वाद्यांचे आवाज काढतो. म्हणून चार मिनिटांच्या गाण्याची मिडी फाइल साधारण चाळीस-पन्नास केबीत मावते. तेच गाणे सीडीच्या दर्जाने ध्वनिमुद्रित केले तर मिनिटाला सुमारे १० एमबी, म्हणजे ४० एमबी जागा लागते.

या पद्धतीचा जन्म १९८३ सालचा. त्या वर्षी जानेवारीत अमेरिकेतील एका वाद्यप्रदर्शनात दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे कीबोर्ड एका वायरने जोडले गेले आणि एकावर बोट ठेवताच दुसरा वाजू लागला. त्यामागे मुख्यतः दोन माणसे होती. अमेरिकेचे डेव्ह स्मिथ आणि जपानच्या रोलँड कंपनीचे संस्थापक इकुतारो काकेहाशी. काकेहाशी लहानपणीच क्षयरोगाने आई-वडिलांना मुकले होते, पुढे त्यांना स्वतःलाही क्षयाने गाठले. अशा परिस्थितीतून वर आलेल्या माणसाच्या कंपनीचे ‘ऑक्टोपॅड’ हे वाद्य आज आपल्या जयंतीच्या स्टेजवर वाजते, हे पुष्कळांना ठाऊक नसेल. विशेष म्हणजे मिडीची पद्धत वापरण्यासाठी या मंडळींनी कोणाकडून स्वामित्वशुल्क घेतले नाही. २०१३ साली दोघांना या कामासाठी तांत्रिक ग्रॅमी पुरस्कार मिळाला. ज्ञान कुलूप लावून ठेवले नाही म्हणजे ते कुठवर पोहोचते, याचे हे उदाहरण. जपानहून निघालेली गोष्ट नागपूरच्या इंदोऱ्यातल्या दोन खोल्यांच्या घरात कामाला आली.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. हिंदी चित्रपटगीतांच्या तयार मिडी फाइली मिळतात. आपली काही गाणी चित्रपटगीतांच्या चालींवर बांधलेली असल्यामुळे तिथे सुरुवातीचे काम हलके होते. पण स्वतंत्र चालीचे भीमगीत असेल तर ते स्वतःच उतरवावे लागते. आम्ही आधी हार्मोनियमवर चाल पक्की करतो. मग यूएसबी वायरने संगणकाला जोडलेल्या साध्या कीबोर्डवर ती तुकड्यातुकड्याने वाजवतो. म्यूझस्कोर आणि एलएमएमएस या दोन आज्ञावली फुकट मिळतात. त्यांत हे सारे उतरवता येते. कीबोर्ड नसला तरी माऊसने एकेक सूर मांडता येतो. त्याला वेळ लागतो, पण पैसा लागत नाही.

मिडीत एका वेळी १६ मार्ग असतात. एका मार्गावर हार्मोनियम, दुसऱ्यावर सतार, तिसऱ्यावर बासरी अशी वाटणी करता येते. कोणत्या क्रमांकाला कोणते वाद्य, हे १९९१ साली ठरले आणि १२८ वाद्यांची एक यादी झाली. ही यादी आम्ही पहिल्यांदा वाचली तेव्हा आपले कोण कोण आहे हे शोधले. १०५ क्रमांकावर सतार सापडली, ११२ वर सनई सापडली. हार्मोनियम त्या नावाने नाही. २१ क्रमांकाचे रीड ऑर्गन तेवढे त्याच्या जवळचे. तालवाद्यांसाठी दहावा मार्ग राखून ठेवलेला आहे. तिथे पाश्चात्त्य ड्रम आहेत, बोंगो आहेत, कोंगा आहेत, टाळीसुद्धा आहे, ३९ क्रमांकावर. पण तबला नाही, ढोलक नाही, दिमडी नाही. ज्या वाद्यांवर आपला जलसा आणि आपली कव्वाली उभी राहिली, त्यांना जगाच्या यादीत जागा नव्हती.

म्हणून रडत बसायचे कारण नाही. यादीत जागा नसेल तर आपली जागा आपण करायची, हे आपल्याला कोणी नव्याने शिकवायला नको. सुरुवातीला बोंगो आणि कोंगा मिळून केरवा बसवला. ‘ना’ साठी ६० क्रमांकाचा उंच बोंगो, ‘गे’ साठी ६४ क्रमांकाचा खर्जातला कोंगा. आठ मात्रांचे ‘धा गे ना ती न क धि न’ बरोबर वाजू लागले. आमच्या वस्तीत एक काका राहतात. तरुणपणी ते कव्वाल पार्टीत ढोलक वाजवीत. त्यांना ऐकवले. त्यांनी डोळे मिटून सगळे ऐकले आणि म्हणाले, “ठेका बरोबर आहे बाप्पा, पण ढोलक बोलून नाही राह्यली.”

ढोलक का बोलत नव्हती, तेही त्यांनीच सांगितले. खरा वादक आठही मात्रा सारख्या जोराने वाजवीत नाही. समेची थाप भरदार, मधली बोटे हलकी, आणि गाणारा श्वास घेतो तिथे वादक जरा थांबतो. मिडीत प्रत्येक ठोक्याचा जोर ० ते १२७ या आकड्यांत लिहिता येतो. काकांना शेजारी बसवून आम्ही ते आकडे बदलत गेलो. पुढे त्यांच्याच ढोलकीचे एकेक बोल हलके, मध्यम आणि जोरदार असे तीन प्रकारे ध्वनिमुद्रित केले. असे आवाज एकत्र बांधण्याच्या संचाला ‘साउंडफाँट’ म्हणतात. तो तयार करण्यासाठी ‘पॉलिफोन’ नावाची आज्ञावली फुकट मिळते. आता आमच्या संगणकात जी ढोलक वाजते ती काकांच्या हाताची आहे. कार्यक्रमाच्या वेळी आम्ही त्यांचे नाव घेतो आणि प्रकृती बरी असली तर ते स्वतःच वाजवायला बसतात. तेव्हा संगणकावरचा ढोलकीचा मार्ग बंद करायचा, बाकीची साथ चालू ठेवायची. एवढी सोय कुठल्याही तयार साथीत नाही.

आता पट्टीची गोष्ट. आपल्या कॅसेटच्या जमान्यातली गाणी बहुतेक पुरुषांच्या आवाजात आहेत. प्रल्हाद शिंदे काय, विठ्ठल उमप काय, हे पहाडी आवाज. पुरुषाच्या पट्टीत मुलगी गायला लागली की खालचे सूर पुटपुटल्यासारखे लागतात. वरच्या सप्तकात जावे तर ताण येऊन शब्द फुटतो. मग लोक म्हणतात, पोरीचा आवाज लहान आहे. आवाज लहान नसतो, पट्टी परकी असते. ध्वनिमुद्रित साथीची पट्टी चार-सहा सुरांनी सरकवली तर वाद्यांचे आवाज चिरके किंवा घोगरे होऊ लागतात. मिडीत ती अडचण नाही, कारण तिथे सूर म्हणजे आकडा. हार्मोनियमच्या मधल्या सप्तकातली पांढरी एक म्हणजे ६०, काळी एक म्हणजे ६१. काळी एकचे गाणे काळी चारमध्ये न्यायचे असेल तर प्रत्येक सुरात ७ मिळवायचे, म्हणजे ६१ चा ६८ होतो. हे काम संगणक क्षणात करतो आणि लय तसूभरही बदलत नाही. फक्त दहावा मार्ग वगळायचा हे ध्यानात ठेवावे. तिथले आकडे सुराचे नसून वाद्यांचे असतात. ते सरकवले तर ढोलकीच्या जागी भलतेच काही वाजू लागते.

आमच्या मुलीने पहिल्यांदा स्वतःच्या पट्टीत रमाईचे गाणे म्हटले, तेव्हा विहारात शेवटच्या रांगेपर्यंत शब्द गेला. माईक तोच, मुलगी तीच. म्हणून आम्ही वाचकांना आग्रहाने सांगतो, आपल्या लेकीला दुसऱ्याच्या पट्टीत ओढू नका. साथ तिच्या गळ्याप्रमाणे करा.

साथ करताना आणखी दोन पथ्ये आम्ही पाळतो. गाण्याची चाल जशीच्या तशी वाद्यावर वाजवायची नाही. सूर धरून द्यायचा आणि ओळी संपल्यावर मधल्या जागेत वाद्य बोलू द्यायचे. मुलगी गात असताना वाद्यांनी पडते घ्यायचे. आणि सर्व अंतरे घ्यायचे, विशेषतः शेवटचा. मिडीत अंतरा वाढवणे म्हणजे तेवढा भाग पुन्हा लिहिणे, त्याला खर्च येत नाही. तेव्हा वेळ नाही ही सबब इथे चालत नाही.

याच कामातून एक वेगळी गोष्ट आमच्या हाती आली, ती सांगितली पाहिजे. आमच्या आई आता ऐंशीच्या घरात आहेत. १९५६ साली धम्मदीक्षा झाली तेव्हा त्या आठ-दहा वर्षांच्या होत्या. त्यानंतर वस्तीतल्या बाया एकत्र बसून जी गाणी म्हणत, ती त्यांना अजून पाठ आहेत. त्यात रमाईची गाणी आहेत, बुद्धाची आहेत, पोरीला शाळेत घाल म्हणून सांगणारीही आहेत. ही गाणी ना पुस्तिकेत, ना कॅसेटमध्ये. ज्या बायांनी ती रचली त्यांची नावेही आईंना पुरती आठवत नाहीत. त्यांच्याबरोबर म्हणणाऱ्या मैत्रिणी एकेक करून गेल्या.

नात हेडफोन घेऊन आजीजवळ बसली. संगणकाचा ठोका कानात घालून गायचे असते, असे तिने समजावले. आईंनी दोन ओळी म्हटल्या आणि हेडफोन काढून ठेवला. म्हणाल्या, “मी गाणं म्हणू का तुमची टिकटिक आयकू?” आणि त्यांचे खरे होते. बायांचे गाणे घड्याळावर चालत नाही. जिथे दुःख आहे तिथे ओळ लांबते, जिथे हसू आहे तिथे ती पळते. मग आम्ही उलट केले. आईंना मोकळेपणी गाऊ दिले, नुसता आवाज ध्वनिमुद्रित केला. नंतर तो ऐकत ऐकत नातीने मात्रा मोजून दिल्या. मिडी फाइलमध्ये गतीची नोंद वेगळी असते आणि ती ओळीओळीला बदलता येते. त्यामुळे ठोका आजीच्या मागे चालू लागला. तिची मींडही उतरवता येते. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय मिडीत आहे, साधारणपणे दोन पट्ट्या वर आणि दोन खाली. आजीच्या गळ्यातले सगळे त्यात मावत नाही, हे खरेच. म्हणून तिचा मूळ आवाजही जपून ठेवला आणि सुरांची नोंदही. आवाज ती कशी गायली ते सांगतो, नोंद पुढच्या पोरींना गायला शिकवते. आतापर्यंत अकरा गाणी झाली आहेत.

वामनदादा आणि प्रल्हाद शिंदे २००४ या एकाच वर्षी गेले. विठ्ठल उमप २६ नोव्हेंबर २०१० रोजी आपल्या नागपुरात, दीक्षाभूमीवरील कार्यक्रमातच कोसळले आणि गेले. त्यांचे आवाज निदान मागे राहिले. घरोघरच्या आज्यांचे काय?

घरी ध्वनिमुद्रण करायचे म्हणजे स्टुडिओ लागतो असे नाही. तयार झालेली साथ संगणकावर आवाजाच्या फाइलमध्ये बदलून घ्यावी. मग ऑडॅसिटी या फुकट मिळणाऱ्या आज्ञावलीत ती उघडून हेडफोनवर ऐकत ऐकत गावे, म्हणजे माईकमध्ये फक्त गळाच जातो. भिंतींचा घुमारा मोडायला दोरीवर गोधड्या टाकाव्यात. आपल्या नागपूरची अडचण उन्हाळ्याची. जयंतीची तयारी मार्च-एप्रिलात आणि तेव्हा कूलरशिवाय बसवत नाही. पण कूलरची घरघर माईकला गाण्याइतकीच ऐकू येते. आम्ही पहाटे साडेचार-पाचला बसतो. रहदारी नसते, पंखाही बंद ठेवता येतो, आणि मुलीचा गळाही ताजा असतो. आधी हार्मोनियमवर थोडा खर्ज लावून घेतलेला बरा. संगणकातून आवाज जाऊन येण्यात किंचित विलंब होतो, त्यामुळे गाणे ठेक्याच्या मागे पडल्यासारखे वाटते. सुरुवातीला साथीबरोबर एक टाळी वाजवून ठेवावी आणि नंतर ती टाळी ठोक्यावर सरकवून जुळवावी.

कायद्याचे दोन शब्द. जुन्या ध्वनिमुद्रणातून गायकाचा आवाज काढून उरलेले संगीत वापरण्याची साधने आता आली आहेत. पण ते ध्वनिमुद्रण दुसऱ्याच्या मालकीचे असते. मिडीत आपण सारे नव्याने वाजवतो, म्हणून तो प्रश्न येत नाही. तरी कवीचा आणि संगीतकाराचा हक्क उरतोच. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार तो हक्क त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. म्हणजे वामनदादांच्या शब्दांवर २०६४ अखेरपर्यंत त्यांच्या वारसांचा हक्क आहे. हौशी मंडळाने तिकीट न लावता कार्यक्रम केला तर कायद्याने मोकळीक दिली आहे. परंतु ध्वनिमुद्रण विकायचे असेल तर परवानगी आणि मानधन आलेच. २०१२च्या दुरुस्तीत अशा नव्या ध्वनिमुद्रणासाठी वर्षाला किमान ५०,००० प्रतींचे स्वामित्वधन ठरले आहे, ते घरगुती गायकाला झेपणारे नाही. त्यापेक्षा वारसांना भेटून लेखी परवानगी घ्यावी. ज्या कवीने आयुष्यभर समाजाला दिले, त्याच्या घरी विचारायला जाण्यात कमीपणा कसला?

काही जण म्हणतील, संगणकच वाजवू लागला तर आपल्या वादकांनी खायचे काय? प्रश्न रास्त आहे. आमचे मत स्पष्ट आहे. जिथे वर्गणी जमते, मंडप पडतो, डीजेला पैसे मोजले जातात, तिथे हार्मोनियम, ढोलक आणि बेंजो वाजवणारा जिवंत कलावंतच बसला पाहिजे. त्याचे मानधन वाचवण्यासाठी संगणक आणणे हा अन्याय होईल. पण जिथे आई धुणीभांडी करते आणि पोरीला गायचे आहे, तिला रोज सरावाला कोण वादक मिळणार? तिच्यासाठी ही साथ आहे. वादकाच्या पोटावर पाय देण्यासाठी नाही, तर उद्या त्या वादकाबरोबर बसण्याची तिची तयारी व्हावी म्हणून आहे.

वाचक बंधुभगिनींनो, वस्तीत एखाद्या घरी जुना संगणक असतो. कॉलेजात जाणारा एखादा मुलगा किंवा मुलगी असते, कोपऱ्यावर एखादा थकलेला ढोलकवाला असतो आणि प्रत्येक गल्लीत एखादी आजी असते. या चौघांना एका खोलीत बसवण्याचे काम महिला मंडळाने किंवा विहार समितीने मनावर घ्यावे. वर्षावासाचे तीन महिने त्याला उत्तम. रोज एक ओळ उतरवली तरी प्रवारणेपर्यंत काही गाणी वाचतील. गाण्याच्या नोंदीबरोबर एका वहीत शब्द लिहावेत, कोणी शिकवले ते लिहावे, कवीचे नाव ठाऊक असेल तर सर्वांत वर लिहावे. आणि पोरींना गायला उभे करताना एवढेच बजावावे की बाळ, शब्द स्वच्छ म्हण आणि शेवटचा अंतरा सोडू नकोस.

जयभीम.